बुरशी आणि देहाचे पहारेकरी



सोलापूरकडील घरांत कडक भाकरी ही कांहीं नवलाची वस्तु नव्हे. ज्वारीची पातळ भाकरी भाजून, मंद आंचेवर तिच्यांतील पाण्याचा अंश काढून टाकला, कीं ती पापडासारखी कडकडीत होते आणि आठवडेच काय, महिनेही टिकते. उलट, श्रावणांतल्या एखाद्या दमट दिवसांत मऊ भाकरी टोपलींत तशीच राहून गेली, तर दोन-तीन दिवसांत तिच्यावर करडी, हिरवट, काळसर अशी लव उगवते. ती लव म्हणजे बुरशी. ती कोठून आली, हा प्रश्न गृहिणीला पडत नाहीं. भाकरी टाकून देऊन ती टोपली उन्हांत ठेवते. तो प्रश्न शास्त्रज्ञांना पडला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां ते शेवटीं ज्या ठिकाणीं येऊन पोंचले, तें ठिकाण म्हणजे आपलें स्वतःचें नाक होय. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे. ती केवळ कुतूहलाची नाहीं, कारण इ. स. २०२१ च्या उन्हाळ्यांत ह्याच बुरशीनें महाराष्ट्रांतील हजारों घरांत हाहाकार उडविला. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा गेला, आणि कित्येक घरांतून माणूसच गेलें.

बुरशीचें एक जुनें आणि विश्वसनीय चित्र इंग्लंडांत रॉबर्ट हूक ह्यांनीं काढलें. इ. स. १६६५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' ह्या ग्रंथांत, एका पुस्तकाच्या कातडी बांधणीवर उगवलेली लव त्यांनीं सूक्ष्मदर्शकांतून पाहून रेखाटली आहे. बारीक देंठ आणि त्यांच्या टोंकांवर गोल बोंडें, असें तें एक छोटेखानी रानच आहे. हूक ह्यांची समजूत अशी होती, कीं हीं रोपटीं बीजावांचून, कुजण्यांतूनच उपजतात. ही समजूत फ्लॉरेन्सच्या पिएर अँतोनियो मिकेली नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें मोडली. बोंडांतील धूळ टिपून घेऊन त्यानें ती फळांच्या ताज्या फोडींवर पेरली, आणि जी बुरशी पेरली तीच उगवली, असें इ. स. १७२९ च्या आपल्या ग्रंथांत नमूद करून ठेविलें. बाजरी पेरून ज्वारी येईल अशी अपेक्षा आपला शेतकरी करीत नाहीं. तोच न्याय मिकेलीनें बुरशीला लावला. एका जातीचें बोंड त्याला ख्रिस्ती देवळांत तीर्थ शिंपडण्याचें जें उपकरण असतें, त्यासारखें दिसलें. म्हणून त्या उपकरणाच्या लॅटिन नांवावरून त्यानें तिला ॲस्परजिलस हें नांव दिलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत, पावावर उगवणाऱ्या आणि मुळांसारखे तंतु सोडणाऱ्या दुसऱ्या एका जातीला रायझोपस, म्हणजे 'मूलपाद', असें नांव मिळालें. हीं दोन नांवें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावींत. आजच्या कथेंतील मुख्य पात्रें तींच आहेत.

ह्या बोंडांतून सुटणारे बीजकण इतके सूक्ष्म असतात, कीं ते हवेवर तरंगत राहतात. ॲस्परजिलसचा एक कण मिलिमीटरच्या सुमारें तीनशेव्या भागाएवढा. सोलापुरासारख्या कोरड्या मुलखांत, जेथें उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि दुपारचा वारा रस्त्यावरची माती थेट माजघरांत आणून टाकतो, तेथें श्वासाबरोबर असे कण नाकांत शिरावयाचेच. शेतांतील कडब्याची गंज, शेंगांचें पोतें, ओल धरलेली भिंत, देवघराच्या कोपऱ्यांत राहिलेलें निर्माल्य, ह्यांपैकीं कोठूनही ते येतात. त्यांच्यापासून पळून जाण्यास जागा नाहीं.

नाकाच्या दोहों बाजूंस गालफडांत, कपाळांत आणि दोन डोळ्यांच्या मध्यें हाडांच्या आंत हवेच्या पोकळ्या आहेत. त्यांना सायनस म्हणतात. गालफडांतील मोठ्या पोकळीचें वर्णन नॅथॅनिएल हायमोर ह्या इंग्रज वैद्यानें इ. स. १६५१ मध्यें केलें, आणि तिला बरेच दिवस त्याचेंच नांव होतें. आपल्याकडे सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत नासारोगांचें स्वतंत्र विवेचन आहे, आणि पीनस हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकूं येतो. तथापि त्या ग्रंथांत बुरशी शोधूं जाणें हा त्याच्यावर अन्याय होईल. सूक्ष्मदर्शकाच्या आधींच्या वैद्याला जें दिसलें तें त्यानें लिहिलें, आणि नीट लिहिलें. एवढें श्रेय पुरेसें आहे. ह्या पोकळ्यांना आंतून चिकट द्रवाचें लेपण असतें, त्याखालीं सूक्ष्म केसांची अखंड हालचाल चाललेली असते, आणि आंत आलेला कण त्या द्रवाबरोबर घशाकडे लोटला जातो. ह्यांतूनही जो कण निसटतो, त्याची गांठ रक्तांतील पहारेकऱ्यांशीं पडते.

ह्या पहारेकऱ्यांची ओळख जगाला करून दिली ती इल्या मेच्निकॉफ ह्या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें. इ. स. १८८२ च्या अखेरीस मेच्निकॉफ सिसिली बेटावर, मेसिना येथें समुद्राकांठीं बिऱ्हाड करून राहिले होते. एके दिवशीं घरचीं माणसें सर्कशींतील माकडें पाहण्यास गेलीं आणि हे एकटेच सूक्ष्मदर्शकाशीं बसले. तारामाशाचीं पिलें कांचेसारखीं पारदर्शक असतात; त्यांच्या अंगांत फिरणाऱ्या पेशी कापाकापी न करतां दिसतात. मेच्निकॉफ ह्यांच्या मनांत आलें, कीं ह्या भटक्या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूशीं झगडत असल्या पाहिजेत. आणि तसें असेल, तर पिलाच्या अंगांत कांटा टोंचतांच त्या कांट्याभोंवतीं जमल्या पाहिजेत. त्यांनीं बागेंतील गुलाबाचे कांटे आणून टोंचले. उत्सुकतेमुळें त्या रात्रीं त्यांना झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे पाहतात तों कांट्याला पेशींचा वेढा पडलेला!

कांटा झाला तरी निर्जीव. जिवंत शत्रूची साक्ष पुढें डबक्यांतल्या पाण्यांत राहणाऱ्या, डाफ्निया नांवाच्या पिसवेएवढ्या जीवानें दिली. हाही पारदर्शक. त्याला एका जातीच्या बुरशीचा रोग होतो. ह्या बुरशीचे बीजकण सुईसारखे टोंकदार; ते आंतड्याची भिंत भेदून शरीरांत घुसतात. त्याबरोबर भटक्या पेशी त्यांवर तुटून पडतात, त्यांना वेढतात आणि पचवून टाकतात. पेशी जिंकल्या तर जीव वांचतो. एखादा कण त्यांच्या तावडींतून सुटला आणि त्याला कोंब फुटले, तर पाहतां पाहतां बुरशी देहभर माजते आणि तो जीव मरतो. हें सर्व मेच्निकॉफ ह्यांनीं इ. स. १८८४ मध्यें प्रसिद्ध केलें. लढणाऱ्या पेशींना त्यांनीं जें ग्रीक नांव दिलें, त्याचा अर्थ 'भक्षक पेशी' असा होतो. ज्या संग्रामावर त्यांनीं आपला सिद्धान्त उभा केला, तो पटकीच्या किंवा प्लेगच्या जंतूंशीं झालेला नव्हता. तो बुरशीशीं झालेला होता. ही गोष्ट पुष्कळदां विसरली जाते, म्हणून मुद्दाम सांगितली.

ह्या मेच्निकॉफ ह्यांचा ओडेसा येथील एक विद्यार्थी आपल्याला चांगला माहीत आहे. त्याचें नांव वॉल्डेमार हाफकिन. प्लेगनें मुंबई गांजली असतां त्यानें ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परळची संस्था आज त्याच्याच नांवानें ओळखली जाते. त्याच प्लेगच्या धांदलींत, त्याच वर्षीं, सरकारनें साथरोगांचा कायदा केला. त्या कायद्याची आपल्याला पुढें पुन्हां गरज लागणार आहे.

इकडे जर्मनींत पॉल एर्लिख नांवाचे तरुण वैद्य रक्ताच्या थेंबाला निरनिराळे रंग चढवीत बसले होते. इ. स. १८७९ मध्यें त्यांना पांढऱ्या पेशींची एक अशी जात आढळली, कीं जिच्यांतील कण इऑसिन हा तांबडा रंग मोठ्या आवडीनें पितात. म्हणून तिचें नांव इओसिनोफिल. त्या पेशीचें काम काय, हें त्या वेळीं कोणालाच ठाऊक नव्हतें. पुढें एर्लिख ह्यांचें मत असें बनलें, कीं देहाचें रक्षण मुख्यतः रक्तद्रवांतील पदार्थ करतात. मेच्निकॉफ म्हणत, पेशी करतात. हा वाद वर्षानुवर्षें चालला. इ. स. १९०८ मध्यें नोबेल पारितोषिक दोघांना विभागून देण्यांत आलें. निवाडा करण्याची ही रीत कोणाला मुत्सद्देगिरीची वाटेल. परंतु आपल्या विषयापुरतें पाहिलें, तर दोघांनाही मान देणें अक्षरशः बरोबर होतें. कारण नाकांतील बुरशीचे जे दोन मोठे रोग, त्यांपैकीं एक मेच्निकॉफ ह्यांच्या पेशी दुबळ्या झाल्यानें होतो, आणि दुसरा एर्लिख ह्यांच्या तांबड्या कणांच्या पेशी अति उत्साही झाल्यानें!

आधीं अति उत्साहाचा रोग पाहूं. संरक्षण करणारी शक्ति कधीं कधीं उलटते, ही गोष्ट व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनीं ओळखली आणि इ. स. १९०६ मध्यें तिच्यासाठीं 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. परंतु सायनसांत असें कांहीं घडतें, हें कळावयास आणखी सत्तर वर्षें लागलीं. इ. स. १९७६ मध्यें आणि मग विशेष स्पष्टपणें इ. स. १९८३ मध्यें अमेरिकन वैद्यांनीं अशा रोग्यांचें वर्णन केलें. रोगी बहुधा तरुण, बाकी प्रकृति ठणठणीत. नाक वर्षानुवर्षें चोंदलेलें, आंत मांसाचे मऊ कोंब, वास येत नाहीं. शस्त्रक्रिया करून पाहावें तों पोकळींत घट्ट, चिकट, तपकिरी चिखल भरलेला. तो सूक्ष्मदर्शकाखालीं धरला तर इओसिनोफिल पेशींचे थरच्या थर आणि त्यांच्या मोडतोडींतून झालेले टोंकदार स्फटिक. बुरशीचे तंतु मात्र तुरळक, आणि तेही त्या चिखलांत. मांसांत त्यांचा शिरकाव मुळींच नाहीं. म्हणजे चोर अंगणांतच उभा आहे. घराची नासधूस चालली आहे ती पहारेकऱ्यांच्या धांवपळीनें. हा चिखल सांचून त्याच्या दाबानें हाड पातळ होतें, कधीं डोळा पुढें येतो. उपाय दोन: पोकळी धुऊन मोकळी करणें, आणि मग पहारेकऱ्यांना शांत करणारें स्टेरॉइड औषध देणें.

आपल्या देशांत ह्या रोगाच्या मुळाशीं बहुतेक वेळां ॲस्परजिलसची फ्लेव्हस ही पिवळट-हिरवी जात सांपडते. हीच जात ओलसर राहिलेल्या भुईमुगाच्या दाण्यांवर उगवते. शेंगाचटणीच्या गांवाविषयीं बोलतांना हें सांगावयाचें म्हणजे जीभ थोडी अडखळते! पण दाणे चांगले वाळलेले असले कीं चिंता नाहीं, आणि चटणी खाऊन नाकाचा हा रोग होत नाहीं.

ह्या दोन टोंकांच्या मध्यें एक तिसरा प्रकार आहे. इ. स. १९६० नंतरच्या काळांत सुदानमधील खार्टूम येथील वैद्यांनीं त्याचें बारकाईनें वर्णन केलें. ह्यांत फ्लेव्हस बुरशी मांसांत शिरते खरी, पण धट्ट्याकट्ट्या देहाचे पहारेकरी तिच्याभोंवतीं गांठींची तटबंदी बांधतात. लढाई महिनोन्‌महिने रेंगाळते. सुदान, हिंदुस्थान आणि पाकिस्तान ह्या देशांत हा प्रकार विशेष. सुदानही उष्ण, धुळीचा आणि ज्वारी खाणारा मुलूख आहे. म्हणून कोणी बिचाऱ्या ज्वारीवर आरोप ठेवूं नये, एवढेंच माझें मागणें आहे. निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनीं एकत्र बसून ह्या सर्व प्रकारांची वर्गवारी इ. स. २००९ मध्यें प्रसिद्ध केली. त्यांचे अग्रणी चंडीगडचे डॉ. अरुणालोक चक्रवर्ती होते. बुरशीच्या रोगांत आपल्या देशाला असें अग्रपद मिळावें, ह्यांत अभिमानाइतकीच दुःखाचीही गोष्ट आहे.

आतां दुर्बलतेचा रोग. इ. स. १८८५ मध्यें, म्हणजे मेच्निकॉफ ह्यांच्या डाफ्नियानंतर अवघ्या एका वर्षानें, पाल्टाउफ नांवाच्या ऑस्ट्रियन वैद्यानें एका मृत मनुष्याच्या मेंदूंत, फुप्फुसांत व आंतड्यांत म्यूकर वर्गाची बुरशी पसरलेली पाहिली. आज ज्याला म्यूकरमायकोसिस म्हणतात, त्याचें हें प्रारंभींचें व्यवस्थित वर्णन. पावावरील रायझोपस ह्याच वर्गांतली. पावावर उगवणारी क्षुद्र लव माणसाला मारते, हें पुष्कळांना पटण्यासारखें नव्हतें. हा रोग इतका विरळा होता, कीं त्याचें खरें स्वरूप कळावयास जवळजवळ साठ वर्षें जावीं लागलीं. इ. स. १९४३ मध्यें अमेरिकेंत ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीन रोग्यांची हकीकत छापली. तिघांचाही शेवट मेंदूंत झाला होता, तिघांच्याही डोळ्याला उपद्रव झाला होता, आणि तिघेही मधुमेही होते.

ह्या तिघांत जो धागा सांपडला, तो उलगडण्यास पुढें पांच-सहा दशकें खर्ची पडलीं. निरोगी माणसाच्या देहांत रायझोपसचा कण आला, तर एका जातीच्या भक्षक पेशी त्याला कोंब फुटूं देत नाहींत. फुटलाच तर न्यूट्रोफिल नांवाच्या पेशी तंतूवर तुटून पडतात. मधुमेह अनावर होऊन रक्त आम्ल झालें, कीं ह्या पेशी सुस्तावतात आणि त्यांना शत्रूच्या दिशेनें नीट धांवतां येत नाहीं. ह्याच वेळीं आणखी एक अनर्थ होतो. रक्तांतील लोह एरवीं एका प्रथिनाच्या कुलुपांत बंद असतें. आम्लतेनें तें कुलूप सैल होतें, आणि रायझोपस तर लोहाची भुकेली. हें अनुमान एका विचित्र मार्गानें पक्कें झालें. इ. स. १९८० च्या सुमारास मूत्रपिंडें निकामी झालेल्या कांहीं रोग्यांना अंगांतील जादा लोह व ॲल्युमिनियम काढण्यासाठीं डेफेरॉक्सामीन नांवाचें औषध देत, आणि त्यांच्यांत म्यूकरमायकोसिसचे रोगी निघूं लागले. चौकशीअंतीं कळलें, कीं औषधानें धरलेलें लोह रायझोपस परस्पर हिसकावून घेते! शेजाऱ्याकडे ठेवावयास दिलेला दागिना चोराच्या घरीं निघावा, त्यांतला हा प्रकार.

बळावलेली बुरशी रक्तवाहिन्यांच्या आंतल्या अस्तराला चिकटून त्यांत शिरते. वाहिनींत रक्त गोठतें, पुढच्या मांसाला रक्त मिळत नाहीं, तें मरतें आणि काळें पडतें. टाळूवरचा काळा डाग तो हाच. 'काळी बुरशी' हें नांव वर्तमानपत्रांनीं घरोघर पोंचविलें, पण तें फसवें आहे. काळेपणा बुरशीचा नव्हे, मेलेल्या मांसाचा आहे. हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाहीं. काळें दिसेपर्यंत वाट पाहणाऱ्याला उशीर झालेला असतो. गाल बधिर होणें, एका बाजूस चेहरा दुखणें वा सुजणें, वरचे दांत अकस्मात् हलूं लागणें, एकाच्या जागीं दोन वस्तु दिसणें, हीं लक्षणें आधीं येतात.

मधुमेहाला इ. स. १९२२ पासून इन्सुलिन मिळालें. परंतु वैद्यक एक दार लावतें तेव्हां दुसरें उघडतें. इ. स. १९४८ मध्यें अमेरिकेंत फिलिप हेंच ह्यांनीं संधिवाताच्या एका रोगिणीला कॉर्टिझोन टोंचलें आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई चालूं लागली. दोन वर्षांत त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, आणि स्टेरॉइडांचें युग सुरू झालें. ह्या औषधांनीं असंख्य माणसें वांचविलीं आहेत, हें आधीं मान्य केलें पाहिजे. तीं पहारेकऱ्यांना शांत करतात. पण पहारेकरी शांत झाले, कीं ते चोरापुढेंही शांतच राहतात. शिवाय हीं औषधें रक्तांतील साखर चढवितात. म्हणजे जें औषध एका बुरशीरोगावर उतारा, तेंच दुसऱ्या बुरशीरोगाला आमंत्रण.

खुद्द बुरशीवरचें खरें औषध मिळालें तें व्हेनेझुएलांतील ओरिनोको नदीच्या परिसरांतल्या मातींतून. तेथील एका सूक्ष्म जीवापासून इ. स. १९५० नंतरच्या पहिल्याच दशकांत ॲम्फोटेरिसिन-बी हें द्रव्य निघालें. तें बुरशीच्या पेशीच्या पातळ पटलाला भोकें पाडतें. दुर्दैवानें तें रोग्याच्या मूत्रपिंडांनाही सोडीत नाहीं, आणि टोंचल्यावर हुडहुडी भरवितें. पुढें त्याला स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म बुडबुड्यांत गुंडाळून देण्याची युक्ति निघाली, तेव्हां त्याचा दाहकपणा पुष्कळ उतरला. ह्या युक्तीची स्वदेशी आवृत्ति सिद्ध करण्यांत दिल्लीचे डॉ. बिमलकुमार बछावत आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. नीलिमा क्षीरसागर ह्यांचा मोठा वांटा आहे, हें महाराष्ट्रानें लक्षांत ठेवावें. मात्र नुसत्या औषधानें हा रोग हटत नाहीं. मेलेल्या मांसांत रक्त पोंचत नाहीं, म्हणून औषधही पोंचत नाहीं. तें मांस कापूनच काढावें लागतें. जबडे आणि डोळे गेले ते ह्यामुळें.

एवढी पूर्वपीठिका ध्यानांत घेतली, म्हणजे २०२१ सालीं जें झालें तें आकाशांतून पडलें नाहीं हें दिसून येईल. इ. स. २०२० च्या जूनमध्यें इंग्लंडांतील 'रिकव्हरी' ह्या मोठ्या चाचणीनें दाखवून दिलें, कीं डेक्सामेथासोन हें स्वस्त स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस दिलें, तर श्वासयंत्रावर असलेल्या कोविडच्या रोग्यांचे मृत्यु सुमारें एक-तृतीयांशानें आणि प्राणवायु लागणाऱ्या रोग्यांचे सुमारें एक-पंचमांशानें घटतात. ज्यांना प्राणवायु लागत नाहीं, त्यांना कांहींच लाभ होत नाहीं. ह्या निष्कर्षाचा पूर्वार्ध सर्वांनीं ऐकला. उत्तरार्ध त्या धामधुमींत पुष्कळांच्या कानांवरून गेला. औषध लवकर, जास्त आणि लांबवून दिलें गेलें, क्वचित् शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरूनही घेतलें गेलें. त्यांत आपला देश मधुमेह्यांचा, आणि ह्या रोगाचें प्रमाण आपल्याकडे कोविडपूर्वींही पाश्चात्य देशांच्या कित्येक पट. त्या दिवसांत तर्कांना सुमार नव्हता. कोणी प्राणवायूच्या नळ्यांना दोष देई, कोणी जस्ताच्या गोळ्यांना, कोणी मुखपट्टीला. केंद्र सरकारनें २८ जून २०२१ पर्यंतचे जे आंकडे सांगितले, ते मात्र सरळ बोलतात. देशांत ४०,८४५ रोगी, त्यांपैकीं ३१,३४४ जणांचा रोग नाकांतून मेंदूच्या वाटेचा, मृत्यु ३,१२९. ह्या रोग्यांपैकीं ३४,९४० जणांना कोविड झालेला, २६,१८७ जणांना मधुमेह, आणि २१,५२३ जणांनीं स्टेरॉइड घेतलेलें.

महाराष्ट्र आणि गुजरात ह्या प्रांतांत रोगी सर्वांत अधिक. सोलापूर जिल्हाही सुटला नाहीं. सोलापूर हें केवळ आपल्या जिल्ह्याचें नव्हे, तर उस्मानाबाद (म्हणजे आजचें धाराशिव), विजापूर व कलबुर्गी ह्या बाजूंच्या लोकांचेंही उपचाराचें गांव आहे. ॲम्फोटेरिसिनचा तुटवडा पडला. एकेका कुपीसाठीं नातेवाईक गांवोगांव फिरले. सरकारला तिची वांटणी आपल्या हातीं घ्यावी लागली. २० मे २०२१ रोजीं केंद्र सरकारनें राज्यांना कळविलें, कीं हा रोग साथरोगांच्या कायद्याखालीं नोंदविण्यास पात्र ठरवावा, म्हणजे प्रत्येक रोग्याची वर्दी सरकारला दिली जावी. कायदा कोणता? तोच १८९७ चा, प्लेगच्या दिवसांतला! वास्तविक म्यूकरमायकोसिस एका माणसापासून दुसऱ्याला होत नाहीं. तो साथीचा रोग नव्हेच. त्याच्या पाठीमागची साथ दुसरी होती. तरीही नोंद झाली हें बरें झालें, कारण मोजल्यावांचून औषधाची वांटणी करतां येत नाहीं.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक सोलापुरांतल्या एका जुन्या पेठेंत राहतात. मधुमेह पंधरा वर्षांचा. त्या एप्रिलमध्यें त्यांना कोविड झाला, प्राणवायु लागला, स्टेरॉइड द्यावें लागलें, आणि त्यानेंच ते वांचले. घरीं आल्यावर आठवड्याभरानें वरच्या दाढा हलूं लागल्या. वयोमानानें असेल म्हणून ते दंतवैद्याकडे गेले. त्या भल्या माणसानें दांत काढला नाहीं. टाळू पाहिली, गालाला बोट लावून "कळतें का?" म्हणून विचारलें, आणि त्याच दुपारीं त्यांना मोठ्या रुग्णालयांत धाडलें. मांसाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां रुंद, फितीसारखे तंतु दिसले. डोळा वांचला, वरच्या जबड्याचा अर्धा भाग गेला.

त्यांच्याच घरांत त्यांची एक पुतणी आहे. तिला कित्येक वर्षांपासून दुसऱ्या प्रकारचा, अति उत्साहाचा, बुरशीरोग आहे. एकदां शस्त्रक्रिया झालेली, आणि त्यानंतर नाकांत रोज स्टेरॉइडाचा फवारा. काकांची अवस्था पाहून ती घाबरली. स्टेरॉइड आणि बुरशी हे दोन्ही शब्द तिच्या कानांवर एकदमच पडले होते. तिनें कोणाला न विचारतां फवारा बंद केला. वर्षभरांत नाक पुन्हां भरलें आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हां तिच्या डॉक्टरांनीं तिला तासभर बसवून समजावलें, कीं फवाऱ्यांतलें औषध नाकापुरतेंच काम करतें, रक्तांत अगदीं थोडें उतरतें. काकांचे पहारेकरी निजले होते, तुझे पहारेकरी विनाकारण आरडाओरड करीत आहेत. दोघांना एक नियम कसा लावावा? तिनें मान हलविली. पण घरीं आल्यावर काकांना विचारलें, "काका, घेऊं का मी?" काका म्हणाले, "घे बाळ. माझ्या दुखण्याचें पथ्य तूं कशाला पाळतेस?"

त्यांच्या टाळूला आतां एक कृत्रिम तुकडा बसविलेला आहे. तो असल्याशिवाय बोललेलें कळत नाहीं आणि पाणी नाकांतून येतें. कडक भाकरी त्यांना अजून आवडते; ती आमटींत कुस्करून, चांगली भिजेपर्यंत थांबून ते खातात. जेवण्याआधीं साखर तपासण्याचें त्यांचें यंत्र आणि पुतणीच्या फवाऱ्याची बाटली, दोन्ही स्वयंपाकघराच्या एकाच फळीवर, शेंगाचटणीच्या बरणीशेजारीं ठेवलेलीं असतात.